इम्युनिटी ‘बूस्ट’ करायची की ताळ्यावर आणायची? श्वास, ध्यान आणि शरीरातला दाह

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. हेडफोन घरी विसरला असाल तर लोकलमध्ये, बसमध्ये बसून वाचून काढा. बोलतानाचे अडखळणं तेवढं काढलंय, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

 

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवला होता. मोबाईलवर स्क्रोल करताना दर थोड्या वेळाने एक रील येतंच. अमुक प्राणायाम करा, इम्युनिटी वाढेल. तमुक ध्यान करा, शरीरातलं इन्फ्लमेशन निघून जाईल. आणि त्यावर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, हे सगळं आपल्याकडे हजारो वर्षांपासून माहीत होतं. दुसरी म्हणते, सगळं थोतांड आहे, जरा सायन्स वाचा. गंमत अशी की सायन्स खरंच वाचायला घेतलं तर दोन्ही पार्ट्या अडचणीत येतात.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सर्व्हर नीट चालतायत ना हे बघणं आणि रात्री-अपरात्री येणारे अलर्ट निस्तरणं हे माझं काम. पण या विषयावर गेल्या पन्नास वर्षांत झालेले बरेच प्रयोग मी वाचले, आणि त्यातून जे चित्र दिसलं ते आज तुमच्यासमोर मांडतोय.

हा नुसता वाद जिंकण्याचा प्रश्न नाहीये. अशी रील्स बघून काही जण चालू असलेली औषधं बंद करतात. म्हणून ‘मनाचा शरीरावर परिणाम होतो का?’ एवढंच विचारून भागत नाही. किती होतो, कोणत्या दिशेने होतो आणि तो कशाची जागा घेऊ शकत नाही, हेही विचारायला हवं.

आधी दाह म्हणजे काय ते बघू

बोटात काटा गेला की काय होतं? ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. हाच दाह, म्हणजे इन्फ्लमेशन. तिथे नेमकं असं होतं की आपल्या शरीरातल्या पहारेकरी पेशींना गडबड कळते आणि त्या सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. सायटोकाइन म्हणजे पेशींचे एकमेकींना जाणारे मेसेजच समजा. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ यांचा मेसेज साधारण असा असतो: ‘इकडे या, घुसखोर आलाय.’ इंटरल्युकिन-१० चा मेसेज उलटा: ‘झालं काम, आता आवरतं घ्या.’ इंटरल्युकिन-६ चा निरोप लिव्हरपर्यंत पोचला की लिव्हर सीआरपी नावाचं प्रोटीन बनवतं. डॉक्टर रक्ततपासणीच्या कागदावर ‘सीआरपी’ लिहून देतात ना, ते हेच.

म्हणजे दाह हा आपला शत्रू नाही. तो नसता तर साधं खरचटलेलंसुद्धा बरं झालं नसतं. अडचण होते ती दाह वेळेवर थांबत नाही तेव्हा. आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, इम्युन सिस्टिम स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करत राहते. सोरायसिसमध्ये त्वचेचं तसंच होतं. शिवाय बाहेरून काहीच दिसत नाही असा मंद आचेवरचा दाह वर्षानुवर्षं चालू राहिला तर त्याचा संबंध हृदयविकार आणि डायबिटीसशी लागतो.

म्हणून मला ‘इम्युनिटी बूस्ट’ हा शब्द खटकतो. कोविडच्या काळात तो काढ्यापासून बिस्किटापर्यंत सगळ्यांवर चिकटवला गेला. पण आमवात असलेल्या माणसाची इम्युन सिस्टिम कमी पडत नसते, ती नको तिथे जास्त काम करत असते. तिला आणखी बूस्ट देऊन काय करणार? चांगली इम्युन सिस्टिम म्हणजे गरज पडेल तेव्हा जोरात चालू होणारी आणि काम झालं की बंद होणारी. आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. पुढचं सगळं याच वाक्याभोवती आहे.

गोड पाणी प्यायलेले उंदीर

मन आणि इम्युन सिस्टिम यांचा काही संबंध असतो, हे १९७० च्या आसपास डॉक्टरांना सांगितलं असतं तर बहुतेक जण हसले असते. इम्युन सिस्टिम स्वतंत्र आहे, तिचं ती बघते, असाच समज होता.

मग १९७५ साली अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातून एक प्रयोग प्रसिद्ध झाला. करणारे दोघे: मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एडर आणि इम्युनॉलॉजिस्ट निकोलस कोहेन. एडर खरं तर वेगळंच काही तपासत होते. एखाद्या टपरीवरचं खाऊन आपलं पोट बिघडलं की पुढे त्या पदार्थाचा नुसता वास आला तरी मळमळतं, बरोबर? तसंच उंदरांमध्ये किती टिकतं हे त्यांना बघायचं होतं. उंदरांना सॅकरिन घातलेलं गोड पाणी द्यायचं आणि सोबत सायक्लोफॉस्फमाइड नावाच्या औषधाचं इंजेक्शन. त्या औषधाने मळमळतं. नंतर फक्त गोड पाणी द्यायचं, इंजेक्शन नाही.

उंदरांनी गोड पाणी टाळायला सुरुवात केली, ते अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते हे की काही उंदीर मरायला लागले. सायक्लोफॉस्फमाइडचा आणखी एक गुण आहे, ते इम्युन सिस्टिमला दाबतं. एडर यांना शंका आली की उंदरांचं शरीर फक्त मळमळ शिकलं नसावं, इम्युनिटी दाबणंही शिकलं असावं. कोहेन यांच्यासोबत त्यांनी नीट मोजून बघितलं. तसंच निघालं! औषध न देता, केवळ गोड पाण्याने उंदरांच्या शरीरात कमी अँटीबॉडी तयार झाल्या.

चव ही गोष्ट मेंदूला कळते. म्हणजे मेंदूकडून इम्युन सिस्टिमकडे जाणारी काहीतरी तार असलीच पाहिजे. यातून पुढे अभ्यासाची एक अख्खी शाखा उभी राहिली. तिचं नाव लांबलचक आहे, सायकोन्युरोइम्युनॉलॉजी.

माणसांवर ताण कसा मोजला? सर्दीने आणि जखमेने

उंदरांचं ठीक आहे, माणसांचं काय? इथे मला दोन प्रयोग फार आवडतात, कारण दोन्हींत गोष्ट थेट मोजली आहे.

पहिला शेल्डन कोहेन यांचा, १९९१ चा. (आधीचे कोहेन वेगळे, हे वेगळे.) इंग्लंडमध्ये सॉल्सबरी इथे सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. तिथे ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले. पाच प्रकारचे विषाणू वापरले, त्यात एक जुना साधा कोरोना विषाणूही होता. त्याआधी प्रत्येकाच्या आयुष्यात किती ताण आहे हे प्रश्नावलीने मोजलं होतं. सगळ्यांत कमी ताण असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांना डॉक्टरांच्या निदानानुसार सर्दी झाली. सगळ्यांत जास्त ताण असलेल्यांमध्ये हा आकडा सुमारे ४७ टक्के होता. विषाणू तर सगळ्यांच्याच नाकात सोडला होता!

दुसरा प्रयोग ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, १९९८ चा. डेंटल कॉलेजच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम करायची आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजायचं. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तोंडावर. सुट्टीत सरासरी आठएक दिवस लागले, परीक्षेत जवळपास अकरा. म्हणजे तीन दिवस जास्त. आणि अकरापैकी एकाचीही जखम परीक्षेच्या काळात सुट्टीइतक्या लवकर भरली नाही. याच गटाने १९९५ साली डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकाची घरी सेवा करणाऱ्या बायकांवर असाच अभ्यास केला होता. त्यांची जखम भरायला इतरांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले.

सेमिस्टर संपताना होस्टेलवर अर्धी विंग का शिंकत असते, याचा थोडा अंदाज आला असेल.

मधली वायरिंग

आता इंजिनिअरचा प्रश्न: हे होतं कसं? मेंदूपासून पेशीपर्यंत निरोप जातो कोणत्या रस्त्याने? मुख्य रस्ते तीन आहेत.

पहिला रस्ता हॉर्मोनचा. ताण आला की मेंदूतून सिग्नल निघतो, तो पिट्युटरी ग्रंथीमार्गे किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींपर्यंत जातो आणि तिथून कॉर्टिसॉल बाहेर पडतं. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. रील्समध्ये कॉर्टिसॉल म्हणजे खलनायक. प्रत्यक्षात कॉर्टिसॉल दाह कमी करतं. मग ताणामुळे दाह वाढतो कसा?

उत्तर माझ्या कामातल्या अनुभवासारखंच आहे. ऑन-कॉल असताना रोज रात्री पन्नास अलर्ट आले तर आठवड्याभराने माणूस त्यांच्याकडे लक्ष द्यायचं सोडतो. फोन वाजतो, पण आपण कूस बदलून झोपतो. पेशींचंही असंच होतं. कॉर्टिसॉलचा ‘आवरतं घ्या’ हा निरोप सतत येत राहिला की इम्युन पेशी त्याला दाद देईनाशा होतात. शेल्डन कोहेन यांच्याच गटाने २०१२ मध्ये हे दाखवलं. दीर्घकाळ ताणात असलेल्या लोकांच्या पेशी कॉर्टिसॉलला कमी प्रतिसाद देत होत्या, आणि अशा लोकांना विषाणू दिल्यावर सर्दी होण्याची शक्यता जास्त होती. सर्दीची लक्षणं म्हणजे तरी काय? नाक वाहणं, घसा सुजणं. बराचसा तो दाहच.

दुसरा रस्ता अ‍ॅड्रिनलिनच्या कुटुंबातल्या मज्जातंतूंचा, म्हणजे ‘लढा किंवा पळा’वाल्या यंत्रणेचा. हे तंतू थेट प्लीहेत, लसीका ग्रंथींत, हाडांच्या मगजात शिरलेले असतात, म्हणजे जिथे इम्युन पेशी बनतात आणि मुक्काम करतात तिथेच.

तिसरा रस्ता व्हेगस नर्व्हचा. मेंदूच्या तळापासून निघून मान, हृदय, फुप्फुसं करत पोटापर्यंत जाणारी ही लांब नस. २००० साली केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने उंदरांना जिवाणूचं विष दिलं आणि व्हेगस नर्व्हला विजेचा सौम्य झटका दिला. टीएनएफची पातळी घसरली. म्हणजे शरीरात दाहाला ब्रेक लावणारी तार आधीपासूनच आहे. २०१६ मध्ये आमवाताच्या १७ रुग्णांच्या शरीरात यंत्र बसवून हीच नस चेतवली, तर टीएनएफ कमी झालं आणि लक्षणं सुधारली. यंत्र काही दिवस बंद केल्यावर टीएनएफ परत वाढलं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा एका यंत्राला आमवातासाठी मान्यताही दिली, पण औषधांनी पुरेसा फरक न पडलेल्या रुग्णांसाठी.

इथेच रील्सवाले मोठी उडी मारतात. ‘दीर्घ श्वास घेतला की व्हेगस चालू, व्हेगस चालू की दाह बंद.’ यातला पहिला भाग बराचसा बरोबर आहे. श्वास सोडताना व्हेगसचा प्रभाव वाढतो आणि हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेताना किंचित वाढतात. २००१ साली इटलीतल्या एका अभ्यासात २३ जणांना लॅटिन जपमाळ आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ म्हणायला लावलं. दोन्हींमध्ये श्वास आपोआप मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाची लय सुधारली. म्हणजे आजीच्या जपमाळेत काहीतरी होतं. पण त्या अभ्यासात हृदय मोजलं होतं, दाह नाही. श्वासाने व्हेगसला मिळणारा हलका धक्का आणि यंत्राने दिलेला विजेचा झटका, या दोन गोष्टी एकसारख्या नाहीत. तार तीच आहे, पण त्यातून किती करंट जातोय हा प्रश्न उरतोच.

मग योग आणि ध्यान यांनी खरंच काय होतं?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. इथेही चार अभ्यास सांगतो, वेगवेगळ्या लोकांवरचे.

एक. २०१४, पुन्हा किकोल्ट-ग्लेसर. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार पूर्ण झालेल्या २०० स्त्रिया. अर्ध्यांना १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास हठयोग. बाकीच्या प्रतीक्षा यादीत. योगवर्ग संपल्यानंतर तीन महिन्यांनी बघितलं तर योग गटात थकवा ५७ टक्के कमी होता आणि दाह वाढवणारी रसायनं २० टक्क्यांपर्यंत कमी. ज्यांनी घरी जास्त सराव केला त्यांच्यात फरकही जास्त.

दोन. याच वर्षी कॅलिफोर्नियात ज्युलियन बोवर यांच्या गटाने, कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या पण सतत थकलेल्या ३१ स्त्रियांवर केलेला अभ्यास. योग कोणता? अय्यंगार पद्धतीचा, पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी घडवलेला. इथे दुसरा गट रिकामा बसवलेला नव्हता, त्यांना आरोग्याविषयीचे वर्ग दिले होते. तरीही योग गटात दाह पेटवणाऱ्या जीन्सची हालचाल कमी झालेली दिसली.

तीन. दिल्लीच्या एम्समधला, २०१९ चा. आमवाताचे ७२ रुग्ण, आठ आठवडे योग. रोगाची तीव्रता कमी झाली, दाहाचे आकडे सुधारले, नैराश्यही उतरलं. यातली एक गोष्ट अधोरेखित करून घ्या: दोन्ही गटांतल्या रुग्णांची नेहमीची औषधं चालूच होती.

चार. मायकेल अर्विन यांचा, २००७ चा. ५९ ते ८६ वयाचे ११२ लोक. अर्ध्यांना १६ आठवडे ताई ची, म्हणजे चिनी पद्धतीच्या संथ हालचाली, मग सगळ्यांना कांजण्यांच्या विषाणूविरुद्धची लस. ताई ची करणाऱ्यांच्या पेशींनी त्या विषाणूविरुद्ध जास्त जोरदार तयारी दाखवली.

आता पहिले तीन आणि चौथा शेजारी ठेवून बघा. पहिल्या तिघांत इम्युन सिस्टिमची नको असलेली धग कमी झाली. चौथ्यात लसीला मिळणारा हवा असलेला प्रतिसाद वाढला. सराव साधारण एकाच जातीचा, पण दिशा उलट! याला ‘बूस्ट’ म्हणता येणार नाही. सिस्टिम ताळ्यावर येतेय, एवढंच म्हणता येईल.

बर्फात बसणारा माणूस

विम हॉफ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. नेदरलँड्सचा, बर्फात बसणारा माणूस. २०१४ मध्ये तिथल्या रॅडबाउड विद्यापीठात त्याच्या पद्धतीची चाचणी झाली. त्याने शिकवलेले १२ तरुण आणि न शिकलेले १२ तरुण, सगळ्यांना शिरेतून ई-कोलाय जिवाणूचं विष दिलं, ज्याने काही तास फ्लूसारखं वाटतं. शिकलेल्या गटात त्रास कमी झाला, टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ कमी, शांत करणारं इंटरल्युकिन-१० जास्त.

भारी आहे ना? पण कारण बघा. हे ‘रिलॅक्स’ झाल्यामुळे घडलं नाही. जोरजोरात श्वास घेऊन मग तो रोखून धरण्याने त्यांच्या रक्तात अ‍ॅड्रिनलिनची लाट आली होती, आणि अ‍ॅड्रिनलिन थोड्या वेळासाठी दाह दाबतं. म्हणजे शांत ध्यानाच्या अगदी उलटा रस्ता. शिवाय दाह दाबला गेला म्हणजे खरं इन्फेक्शन लवकर बरं होईल, असा अर्थ होत नाही, कारण इथे जिवंत जिवाणू नव्हतेच. आणि हे श्वास पाण्यात, स्विमिंग पूलमध्ये किंवा गाडी चालवताना चुकूनही करू नका. चक्कर येऊन शुद्ध हरपू शकते, पाण्यात अशाने जीव गेलेले आहेत.

सगळे आकडे एकत्र ठेवले तर

एकेक अभ्यास ऐकला की उत्साह वाढतो. म्हणून ढिगाकडे बघायचं. २०१६ मध्ये माइंडफुलनेस ध्यानावरच्या २० चाचण्यांचा, एकूण १,६०२ लोकांचा आढावा आला. निष्कर्ष सावध होता: सीआरपीसारख्या काही खुणा कमी झालेल्या दिसतात, पण अँटीबॉडीसारख्या काहींवर ठाम परिणाम दिसत नाही, आणि अभ्यास पुन्हा करून बघायला हवेत.

२०२० मध्ये आणखी मोठा आढावा आला. ५६ चाचण्या, ४,०६० लोक, मनावर काम करणारे सगळ्या प्रकारचे उपाय. सरासरी बघितली तर उपयोगी इम्युन काम १४.७ टक्क्यांनी सुधारलं आणि अपायकारक काम १८ टक्क्यांनी घटलं. फरक किमान सहा महिने टिकला. पण सगळ्यांत सातत्याने फायदा कशाचा दिसला? कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीचा, म्हणजे समुपदेशकासमोर बसून आपल्या विचारांची उलटतपासणी करण्याचा! पद्मासन न घालता. हे रीलमध्ये कोणी सांगत नाही.

या अभ्यासांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. गोळीच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, खोटा योग देता येत नाही. योग करणाऱ्याला माहीत असतं की आपण योग करतोय. प्रतीक्षा यादीतल्या गटाला काहीच मिळालेलं नसतं, मग फरक आसनांमुळे पडला, व्यायामामुळे, झोप सुधारल्यामुळे की आठवड्यातून दोनदा चार लोक भेटल्यामुळे, हे वेगळं काढणं अवघड जातं. ए-बी टेस्ट करताना एकदम चार फीचर बदलले तर कोणत्या फीचरने काम केलं ते कळत नाही, तसं.

आणि असं तपासून बघणं म्हणजे परंपरेचा अपमान वगैरे काही नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं, ते मुळात योगक्रिया यंत्रांनी मोजून बघण्यासाठीच. एक्स-रे काढले, रक्तदाब मोजले आणि निष्कर्ष छापायला ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक काढलं. दोन पार्ट्यांच्या भांडणाचं उत्तर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच देऊन झालंय.

गोळ्या बंद करायच्या का?

आता एका श्रोत्याचा प्रश्न. नाव सांगत नाही. "दादा, आईला आमवात आहे. ती आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते. मावशी म्हणते, या गोळ्यांनी लिव्हर खराब होतं, सोडून दे आणि सकाळ-संध्याकाळ प्राणायाम कर. आईलाही ते पटायला लागलंय. काय करू?"

थेट सांगतो: डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू देऊ नका. आमवातात सांध्याचं हाड एकदा झिजलं की ते परत येत नाही. औषध बंद असलेल्या काळात आत काय झिजतंय ते बाहेरून लगेच कळतही नाही. ज्या एम्सच्या अभ्यासाचा दाखला लोक देतात, त्यात औषधं चालू होती. तो ‘औषध विरुद्ध योग’ नव्हता, ‘औषध अधिक योग’ होता. आपण बघितलेले फरक वीस टक्क्यांच्या आसपासचे आहेत. औषधाच्या जोडीला ते मोलाचे आहेत, त्याच्या जागी पुरे पडणारे नाहीत.

मावशीची काळजीही खोटी नाही. मेथोट्रेक्सेटचा लिव्हरवर परिणाम होऊ शकतो, म्हणून तर डॉक्टर ठरावीक काळाने रक्त तपासायला सांगतात. ती तपासणी चुकवू नका. आणि आईला प्राणायाम, हलकी आसनं जरूर करू द्या, सांध्यांना झेपतील अशी, जाणकाराच्या नजरेखाली. त्रास कमी झाला तर डोस कमी करायचा का, हे डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतील. मावशीशी भांडू नका. तिला सांगा, तुझं अर्धं बरोबर आहे, ते अर्धं आपण आजपासून सुरू करू.

तुम्ही-आम्ही काय करायचं?

विशी-तिशीतल्या, धडधाकट लोकांसाठी माझी यादी छोटी आहे.

झोप आधी. २०१५ मध्ये १६४ लोकांच्या झोपेची मनगटावरच्या यंत्राने नोंद घेऊन मग त्यांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता, सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीपेक्षा जास्त होती. रात्री एक वाजता मेडिटेशन अ‍ॅप शोधत बसण्यापेक्षा फोन ठेवून झोपलेलं बरं.

संथ श्वास. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पाच-दहा मिनिटं. फुकट आहे, बसमध्येही जमतं. भस्त्रिका, कपालभातीसारखे जोरकस प्रकार मात्र ब्लडप्रेशर, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सातत्य. अभ्यासांमधला डोस आठवा: आठ ते सोळा आठवडे, नियमित. शनिवारी एकदा दोन तास बसून सोमवारी फरक शोधायचा नाही.

रिपोर्टच्या मागे लागू नका. साधी सर्दी झाली, हिरडी सुजली तरी सीआरपी वर जातं आणि काही दिवसांत खाली येतं. ध्यान सुरू करण्याआधी एक आणि नंतर एक आकडा घेऊन काहीही सिद्ध होत नाही.

लस चुकवू नका. ताई चीच्या प्रयोगातही शेवटी लस दिलीच होती.

आणि मन खरंच जड झालं असेल, तर फक्त श्वासावर विसंबून राहू नका. बोला. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मघाशी सांगितलेला २०२० चा आढावा आठवा. बोलून मोकळं होण्याचा फायदा पेशींपर्यंत पोचतो, हे आता मोजलेलं आहे.

तर मंडळी, आज इतकंच. घरात कोणी औषधं सोडायच्या विचारात असेल तर हा भाग त्यांना नुसता फॉरवर्ड करू नका, शेजारी बसून ऐकवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.